प्लेटीचेर आसा, कागदाचेर ना: एका स्मरणिकेतल्या बोदोनीचं प्रकरण

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावात देवळाच्या उत्सवात होणाऱ्या नाटकांना शंभर वर्षं पूर्ण होत होती. त्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेची मांडणी माझ्याकडे आली. एकूण १४४ पानं. बहुतेक मजकूर मराठी, आणि परदेशात वाढलेल्या नातवंडांसाठी बारा पानांचा इंग्रजी भाग. शिवाय निमंत्रणपत्रिका, तीन रात्रींच्या कार्यक्रमाचं पत्रक आणि देवळाच्या वाटेवर लावायचा मोठा फलक. प्रकाशन दिवाळीनंतरच्या जत्रेत, म्हणजे छपाई भाद्रपद-आश्विनात करावी लागणार होती. पावसाची ओल तेव्हा हवेत असतेच. या तारखेचा अक्षरांशी काही संबंध असेल, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

मंडळाचे कार्यवाह निवृत्त मराठी शिक्षक आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक जुनं हस्तपत्रक काढलं. ते १९३४ सालचं, खिळे, म्हणजे धातूचे सुटे अक्षरठसे, जुळवून छापलेलं होतं. वर पोर्तुगीजमध्ये एक ठळक ओळ, खाली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या वळणाच्या खिळ्यांत नाटकाचं नाव आणि पात्रांची यादी. त्या पोर्तुगीज ओळीवर बोट ठेवून सर म्हणाले, "बाय, मुखपृष्ठावर मला ह्याच जातीचं अक्षर पाहिजे. बघ कसं उभं राहिलंय. पडदा वर जाताना नट उभा असतो तसं."

सरांनी नेमकं ओळखलं होतं. बोदोनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या जातीच्या अक्षरात उभी दांडी भरदार असते आणि आडवी रेघ केसासारखी. एकातून दुसरीकडे जाताना मधली पायरी जवळजवळ नसतेच. दांडीच्या टोकाला असणारी आडवी पट्टी, म्हणजे सेरिफ, जुन्या रोमन अक्षरांत कमान घेऊन दांडीत मिसळते. इथे ती काटकोनात, सरळ आणि तितकीच बारीक बसते. गोल अक्षरांची जाडी तिरपी न राहता डावी-उजवीकडे ताठ उभी असते. सी, एफ, आर यांची टोकं थेंबासारखी गोल होऊन थांबतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फिर्मँ दिदो आणि इटलीतल्या पार्मा इथे जांबातिस्ता बोदोनी यांनी हे रूप पूर्णत्वाला नेलं. बोदोनी १७६८ पासून पार्माच्या ड्यूकच्या छापखान्याचा प्रमुख होता. त्याचा अक्षरनमुन्यांचा दोन खंडांचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८१८ मध्ये, त्याच्या पत्नीने पूर्ण करून छापला. एकोणिसाव्या शतकात युरोपभर सरकारी पत्रकांपासून नाटकाच्या जाहिरातींपर्यंत हीच अक्षरं पसरली. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातल्या एका हस्तपत्रकावर ती उतरली, यात नवल नाही.

मी बोदोनीचं 'बोदोनी मोडा' हे मुक्त परवान्याचं रूप निवडलं. त्यात अक्षराचा आकार बदलला की त्याचं रेखाटनही बदलण्याची सोय आहे. सहा पॉइंटसाठी (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) वेगळी जाडी, शहाण्णव पॉइंटसाठी वेगळी, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या. याला ऑप्टिकल साइज म्हणतात. माझी चूक इथेच झाली. पडद्यावर चारशे टक्के मोठं करून पाहताना शहाण्णवची आवृत्ती इतकी देखणी दिसत होती, की मी तीच गोठवली आणि शीर्षकापासून छायाचित्रांखालच्या ओळींपर्यंत सगळीकडे वापरली. इंग्रजी भागाचा मजकूर साडेदहा पॉइंट, छायाचित्रांखालच्या ओळी नऊ पॉइंट. नटांच्या परिचयाच्या चौकटी गडद तांबड्या, आणि त्यांतली नावं कागदाच्या पांढऱ्यातच सोडलेली, ज्याला आपण रिव्हर्स म्हणतो. कागद ७० जीएसएमचा मॅपलिथो, म्हणजे साधा, चकाकी नसलेला. लेझर प्रिंटरवर काढलेलं प्रूफ ठीक वाटलं. सरांनी सही केली.

पहिला फॉर्म, म्हणजे एका तावावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा संच, छापून निघाला तेव्हा मी प्रेसमध्येच होते. ओला ताव हातात घेतला आणि छायाचित्राखालची ओळ वाचता येईना. एम, एन, यू, आय ही अक्षरं शेजारी आली की नुसत्या उभ्या दांड्या उरल्या होत्या, खिडकीच्या गजांसारख्या. त्यांना जोडणाऱ्या केसाएवढ्या रेघा कुठे तुटल्या होत्या, कुठे गायबच होत्या. ई या अक्षराची मधली आडवी रेघ गेल्यामुळे ते सी वाटत होतं. तांबड्या चौकटींतलं दृश्य याच्या नेमकं उलट होतं. तिथे दांड्या पांढऱ्या राहिल्या होत्या आणि बारीक रेघांमध्ये शाई भरून नावं विस्कटली होती. एका ज्येष्ठ नटाचं नाव रोमन अक्षरांत दुसऱ्याच माणसाचं वाटत होतं.

मशीनवरच्या बाबांनी भिंग लावून आधी प्लेट पाहिली, मग ताव. मला म्हणाले, "बाय, रेग प्लेटीचेर आसा, कागदाचेर ना." रेघ प्लेटवर आहे, कागदावर नाही.

दोष प्रेसचा नव्हता, प्लेट बनवणाऱ्याचाही नव्हता. घरी येऊन मी साधा हिशोब मांडला, जो आधीच मांडायला हवा होता. पातळ रेघ अक्षराच्या साइजच्या शंभराव्या भागाएवढी धरली, तर ६० पॉइंटच्या शीर्षकात ती ०.६ पॉइंटची होते, म्हणजे सुमारे ०.२१ मिलिमीटर. ती छान छापते. पण नऊ पॉइंटात तीच रेघ ०.०९ पॉइंट, म्हणजे ०.०३ मिलिमीटर. प्लेट बनवणारं यंत्र २४०० डीपीआयचं, म्हणजे इंचाला २४०० ठिपक्यांचं, असेल तर त्याचा एक ठिपका साधारण ०.०१ मिलिमीटरचा. म्हणजे आमची रेघ जेमतेम तीन ठिपक्यांची. प्लेट तेवढं धरते. मॅपलिथोचा पृष्ठभाग मात्र खडबडीत असतो, त्याच्या तंतूंच्या चढउतारांवर तीन ठिपक्यांची शाई सलग बसत नाही. ऑफसेटच्या छपाईत काळी रेघ पाव पॉइंटच्या खाली नेऊ नये आणि रिव्हर्समधली रेघ अर्ध्या पॉइंटच्या खाली, असा अंदाज कामकरी लोक धरतात. मी त्याच्या कितीतरी खाली गेले होते.

चौकटींचं प्रकरण आणखी अवघड होतं. आमचा तांबडा रंग एका शाईचा नव्हता, किरमिजी, पिवळा आणि काळा यांचे थर एकावर एक चढवून तो तयार होत होता. तिन्ही थर एकमेकांवर तंतोतंत बसले तरच मधली पांढरी रेघ मोकळी राहते. आश्विनातल्या हवेत ताव ओल धरतो आणि किंचित फुगतो. एक थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने जरी सरकला, तरी ०.०३ मिलिमीटरची पांढरी रेघ पूर्ण बुजते.

मग १९३४ सालच्या छापखान्याला हे कसं जमलं? हा प्रश्न सरांनी विचारला. त्याचं उत्तर शोधताना मला या अक्षराचा स्वभाव खऱ्या अर्थाने कळला. हस्तपत्रक मी दहापट भिंगाखाली धरलं. मोठ्या ओळीतली पातळ रेघ खरोखरच केसासारखी होती. पण तळाशी, तिकिटाचा दर सांगणारी त्याच जातीची एक बारीक ओळ होती, आणि तिच्यातली रेघ प्रमाणाने चांगली जाड होती. धातूच्या काळात प्रत्येक साइजचा खिळा वेगळा कोरावा लागे. बारीक साइज कोरणारा कारागीर रेघ जाड ठेवी, अक्षर थोडं रुंद करी, मधल्या जागा मोकळ्या सोडी. खिळा दाबाने कागदात रुतला की शाई कडेला पसरून रेघ आणखी थोडी भरे. संगणकावर एकच रेखाटन लहानमोठं करायची सोय झाली आणि ही शहाणीव मध्येच गळाली. पुढे ती मुद्दाम परत आणावी लागली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्पर्स बाझार या मासिकासाठी अमेरिकन अक्षररेखक जोनाथन हेफ्लरने केलेल्या दिदोच्या सात वेगवेगळ्या साइजच्या आवृत्त्या होत्या, ६ पॉइंटपासून ९६ पॉइंटपर्यंत. १९९४ च्या आयटीसी बोदोनी या फॉन्टमध्येही ६, १२ आणि ७२ पॉइंटसाठी तीन स्वतंत्र रेखाटनं आहेत. जे साधन माझ्या हातातल्या फॉन्टमध्ये तयार होतं, तेच मी गोठवून टाकलं होतं.

कागदाचाही याच्याशी जुना संबंध आहे. इंग्लंडमध्ये जॉन बास्करव्हिलने अधिक गुळगुळीत कागद, अधिक काळी शाई आणि छापलेला ताव गरम पत्र्यांमध्ये दाबायची पद्धत आणली. रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याची त्याची १७५७ ची आवृत्ती याचसाठी प्रसिद्ध आहे. बारीक रेघ छापता येते, हे आधी त्याने दाखवलं. बोदोनी त्याच वाटेने पुढे गेला, आणि त्याने अक्षरांभोवती भरपूर पांढरी जागा सोडली. त्याची पानं पाहिली की जाणवतं, हे अक्षर गर्दीत राहायला तयार नसतं. आमच्या स्मरणिकेत मात्र जाहिरातींच्या अर्ध्या-पाव पानांमध्ये, शुभेच्छांच्या चौकटींमध्ये मी ते कोंबलं होतं.

आता देवनागरीकडे येते. या कामाचा सर्वांत जास्त वेळ मी तिथे घालवला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

मुखपृष्ठावर मराठी शीर्षक मोठं, खाली रोमन ओळ, अशी रचना होती. दोन्ही एका घरातली दिसावीत असं सरांना वाटत होतं, मलाही. मी शीर्षक हाताने रेखाटलं आणि बोदोनीचा नियम तसाच उचलला: उभं ते जाड, आडवं ते पातळ. काना भरदार केला, शिरोरेषा केसासारखी. कागदावर दोन फुटांवरून ते नाजूक, सुंदर वाटलं. भिंतीवर टाचून दाराशी गेले, तर शिरोरेषा दिसेचना. अक्षरं एकेकटी लोंबत होती, दोरी तुटलेल्या वाळवणीवरच्या कपड्यांसारखी. शब्द म्हणून ते वाचलंच जात नव्हतं.

याचं कारण लेखणीत आहे. बोदोनीच्या अक्षरामागे टोकदार, लवचीक निब आहे. हात खाली ओढताना दाब दिला की निब फाकते आणि रेघ जाड होते. दाब काढला की केसासारखी होते. तो जाड-बारीकपणा दाबाचा आहे. देवनागरीमागे तिरपा तासलेला बोरू आहे. त्याची जाडी दाबावर नसून कोनावर ठरते, आणि तो कोनही रोमन लिखाणातल्या रुंद निबीच्या उलट दिशेचा असतो. म्हणून आपल्याकडे काना आणि शिरोरेषा दोन्ही अंगाने भरलेले येतात, आणि बारीकपणा वळणांत, सांध्यांत, गाठीत शिरण्याच्या जागी राहतो. शिवाय रोमनमधली आडवी रेघ एका अक्षरापुरती असते, शिरोरेषा मात्र पूर्ण शब्द बांधते. तिला सेरिफच्या पंक्तीला बसवणं म्हणजे घराचा वासा काढून तिथे सुतळी बांधणं.

गोव्याच्या कागदावर या दोन लिप्यांचा शेजार फार जुना आहे. भारतातला पहिला छापखाना जुन्या गोव्यात १५५६ मध्ये सुरू झाला. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, तेव्हा मराठी ओव्या रोमन अक्षरांत होत्या, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. बोदोनीच्या जन्माला तेव्हा १२४ वर्षं बाकी होती. एका लिपीच्या कपड्यात दुसरीला उभं करण्याची ती नाइलाजाची वेळ होती. आज मला तो नाइलाज नव्हता, तरी माझं पहिलं रेखाटन तेच करत होतं.

दुसऱ्या रेखाटनात मी शिरोरेषा कान्याच्या निम्म्या जाडीची केली. जाड-बारीक फरक वाढवला तो वळणांमध्ये: 'ट'च्या पोटाचा निमुळता होत जाणारा भाग, 'क'चा पदर, वेलांटीची कमान. आणि नातं जोडायला एक जागा सापडली. बोदोनीच्या टोकाचा थेंब आणि आपल्या 'ग', 'म', 'श' यांच्या गाठी. त्या गाठी मी भरीव, गोल आणि रोमन ओळीतल्या थेंबाच्याच आकाराच्या केल्या. एवढ्याने दोन्ही ओळी बहिणी दिसू लागल्या. सरांना मी काही समजावून सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही ओळींवर डोळे फिरवले आणि बोट बरोबर गाठीवर ठेवलं.

तयार देवनागरी फॉन्टांपैकी 'रोझा वन' पाहिला होता. त्यात जाड-बारीक फरक टोकाचा आहे, देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, आणि मोठ्या साइजला तो जोरकस दिसतो. पण त्याचा भार फार आहे. आम्हाला हवी होती ती कृश ऐट त्यात नाही. अंकांच्या पानांवर, 'अंक पहिला', 'अंक दुसरा' अशा दोन शब्दांच्या ओळींना तो घेतला आणि तिथे शोभला. मराठी मजकुरासाठी 'टिरो देवनागरी मराठी' ठरवला. त्यात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आहेत, आणि जुन्या खिळ्यांच्या छपाईची आठवण देणारा मध्यम फरक आहे. फॉन्ट पारखताना मी नेहमी 'तऱ्हा', 'दुसऱ्या', 'कैवल्य', 'श्रींच्या' हे शब्द टाकून बघते. 'ऱ्य' नीट जुळला नाही तर बाकीचं सौंदर्य मला नको असतं. इथे जुळला.

फेरफार असे झाले. इंग्रजी मजकूर बोदोनीतून काढून साध्या, कमी फरकाच्या जुन्या धाटणीच्या सेरिफमध्ये टाकला. बोदोनीच्या अकरा पॉइंटच्या रेखाटनातही तो छापला असता, पण सलग बारा पानं वाचताना त्या उभ्या दांड्यांचा झगमगाट डोळ्याला शिणवतो, असं माझं मत झालं आहे. परदेशातल्या नातवंडांना आजोबांची गोष्ट शेवटपर्यंत वाचायला मिळणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. छायाचित्रांखालच्या ओळींत बोदोनी ठेवला, पण सहा ते अकरा पॉइंटच्या रेखाटनात आणि अक्षरांतली जागा किंचित वाढवून. तांबड्या चौकटी गेल्या. त्यांच्या जागी पांढऱ्यावर काळी नावं आणि बाजूला तांबडी उभी पट्टी.

चकचकीत आर्ट पेपर घ्या, म्हणजे अक्षर बदलायला नको, असा एक सल्ला समितीत आला होता. मी तो मानला नाही. खर्च वर्गणीतून होणार होता, हे एक कारण. दुसरं असं की ही स्मरणिका वडीलधारी माणसं घरात ट्यूबलाइटखाली वाचणार, आणि चकाकी त्यांच्या डोळ्यांवर येणार. आर्ट पेपरचं एकच पान घेतलं. त्यावर १९३४ चं हस्तपत्रक मूळ आकारात छापलं, १२०० डीपीआयवर स्कॅन करून, फक्त काळ्या शाईत.

शहाण्णवचं रेखाटन जिथे खरोखर शोभतं, तिथे ते मोकळेपणाने वापरलं. मुखपृष्ठावर सनाचे इंग्रजी आकडे ९० पॉइंटात आले. बोदोनीचे आकडे फार देखणे असतात, विशेषतः दोनची मान आणि पाचचं पोट. निमंत्रणपत्रिका जाड, गुळगुळीत कार्डावर एका काळ्या शाईत छापली. समितीला सोनेरी फॉइल हवी होती. इतक्या बारीक रेघांवर ती तुटते किंवा चिकटते, म्हणून ती मी फक्त मराठी शीर्षकाला दिली. पत्रिका व्हॉट्सअॅपवरही फिरणार होती. तिथे चित्र दाबून लहान केलं जातं आणि बारीक रेघ करडी पडते. म्हणून त्या चित्रासाठी जाड रेघेची वेगळी फाइल केली.

फलकाचा हिशोब मात्र मी आधी केला, पहिल्या धड्यानंतर. आठ इंची अक्षरात शंभराव्या भागाची रेघ दोन मिलिमीटरची होते. हातात धरली तर ती जाडच वाटते. पण तीस मीटरवरून साधारण नजरेला नऊ मिलिमीटरहून बारीक तपशील सुटा दिसत नाही, त्यामुळे दोन मिलिमीटरची रेघ फिकट होऊन दांड्या तेवढ्या उरतात. गाडीतून जाणाऱ्याला तर तेवढाही वेळ नसतो. फलकावर बोदोनी घेतलाच नाही. देवनागरी शीर्षक त्याच रेखाटनाचं, शिरोरेषा आणखी जाड करून; तारीख आणि गावाचं नाव साध्या, सेरिफ नसलेल्या अक्षरांत.

वाया गेलेला फॉर्म दोन हजार तावांचा होता. तो खर्च मी माझ्या बिलातून वजा केला. प्रेसने दुसऱ्या प्लेटींचे फक्त साहित्याचे पैसे घेतले. छपाईआधी ताव मशीनजवळ दोन दिवस उघडे ठेवले, म्हणजे त्यांना तिथल्या हवेची सवय व्हावी. दुसऱ्या खेपेला बाबांनी भिंग लावलं, काही बोलले नाहीत, आणि पुढचा ताव ओढला.

एक ओळ मात्र माझ्याकडून सुटली. पान ९६ वरच्या एका छायाचित्राखाली जुनंच गोठवलेलं रेखाटन राहून गेलं. फोटो विंगेतला आहे, हातात वही घेऊन उभ्या असलेल्या प्रॉम्प्टरचा. चाळीस वर्षं रंगमंचाच्या कडेला उभं राहिलेला हा माणूस छापलेल्या फोटोत या एकाच ठिकाणी आहे, आणि त्याचंच रोमन नाव तुटकं छापलं गेलं. जत्रेच्या रात्री त्यांची पणती मोबाइलचा उजेड धरून ते अक्षर-अक्षर लावत वाचत होती. वाटून झालेल्या प्रती परत मिळणार नव्हत्या. मंडळाकडे उरलेल्या चाळीस प्रती मी घरी आणल्या आणि ०.१ च्या पेनने त्या नावातल्या रेघा एकेक करून जोडल्या. जवळून पाहिलं तर त्या बाकीच्या ओळींपेक्षा थोड्या जाड दिसतात.